घरातले चित्र का अडखळते? : केबलवरील वेळेचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो शालेय पाठ्यपुस्तकात सापडत नाही. पण त्याचा अनुभव आपणांपैकी बहुतेकांना घरबसल्या आलेला असेल. टेलिव्हिजनवर बातम्या चालू असतात. निवेदकाचे ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. मधेच चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, ते क्षणभर गोठते आणि पुन्हा चालू लागते. घरातील वडीलधारी मंडळी निकाल देऊन टाकतात, 'बॉक्स बिघडला!' केबलवाल्याला फोन जातो. त्याचा मुलगा येतो, गच्चीवर चढतो, जोड घट्ट करतो आणि तरीही फरक पडला नाही म्हणजे बॉक्स बदलून देतो. चार दिवसांनी पुन्हा तेच. यात कुटुंबाचे पैसे जातात, त्या मुलाला फुकट बोल ऐकावे लागतात आणि खरा दोष जिथल्या तिथे राहतो. कारण दोष कधी कधी तारेत नसतो, बॉक्समध्येही नसतो. तो वेळेत असतो.

या वेळेच्या दोषाला अभियंते 'जिटर' म्हणतात. मराठीत आपण त्याला 'वेळेची डळमळ' म्हणू. एखादी गोष्ट नेहमीच उशिरा येत असेल तर ती डळमळ नव्हे. कधी लवकर, कधी उशिरा, असा नेम चुकत असेल तर ती डळमळ. हा भेद आपण सुरुवातीलाच मनाशी पक्का करावा, कारण पुढचा सारा हिशेब त्यावर उभा आहे.

जुनी पद्धत आणि नवी पद्धत

आपल्याकडे १९८२ साली दूरदर्शनचे चित्र रंगीत झाले. पुढे घरोघर केबल आली आणि १९९५ साली केबल टेलिव्हिजनसाठी कायदा झाला. या काळातील चित्र 'ॲनालॉग' होते. त्यात एका चित्रात ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. प्रत्येक ओळीबरोबर 'आता नवी ओळ सुरू' असा एक स्पंद येत असे. कवायतीच्या मैदानावर शिक्षक शिट्टी वाजवतात आणि मुले त्या शिट्टीवर पाऊल टाकतात, तसा घरचा संच केंद्राच्या शिट्टीवर चालत असे. चित्र येताच दाखवायचे. साठवायचे काही नाही. त्यामुळे चित्रावर मुंग्या येत, सावल्या पडत, पण वेळेचा प्रश्न सहसा येत नसे. शिट्टी आणि पाऊल दोन्ही एकाच तारेतून, एकाच वेळी येत होती.

पुढे २०११ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि केबलचे चित्र 'डिजिटल' करणे सक्तीचे ठरले. मुंबई व दिल्ली या शहरांत ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत होती. पुणे, नागपूर यांसह ३८ शहरांचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०१३ चा होता आणि देशातील उरलेल्या भागासाठी शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ ही होती. तेव्हापासून सेट टॉप बॉक्स हा घरातला एक घटक झाला.

डिजिटल पद्धतीत चित्र म्हणजे आकडे. साध्या प्रतीच्या चित्राचे गणित आपण स्वतः करून पाहू शकता. एका ओळीत ७२० बिंदू, अशा ५७६ ओळी, सेकंदाला २५ चित्रे आणि प्रत्येक बिंदूस १६ बिट. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १६ कोटी ५९ लाख बिट होतात. एवढा पसारा केबलवरून नेणे परवडणारे नाही. म्हणून चित्र दाबून लहान करतात. आधीच्या चित्रात आणि आताच्या चित्रात जो फरक पडला असेल तेवढाच पाठवायचा, ही त्यातली मुख्य युक्ती. अशा रीतीने तेच चित्र सेकंदाला सुमारे ४० लाख बिटांत बसते, म्हणजे चाळीस भागांतला एक भाग उरतो.

पण या काटकसरीची किंमत द्यावी लागते. निवेदक स्थिर बसला असेल तर फरक थोडा आणि बिटही थोडे. क्रिकेटच्या सामन्यात चेंडूमागे कॅमेरा धावू लागला की फरक मोठा आणि बिटही भरमसाट. शिवाय मधून मधून एक संपूर्ण चित्र पाठवावेच लागते. म्हणजे चित्रे दाखवायची ती ठरावीक अंतराने, सेकंदाला बरोबर २५. पण त्यांचा माल पोहोचतो तो कधी कमी, कधी जास्त. म्हणून बॉक्समध्ये साठवण ठेवावी लागते. आपल्या वस्त्यांत नळाला पाणी सकाळी दोन तास येते, पण घरात ते दिवसभर लागते. त्यासाठी आपण टाकी बसवतो. बॉक्समधली स्मृती ही अशीच टाकी आहे. टाकी रिकामी झाली तर चित्र अडते. भरून वाहिली तर माल सांडतो आणि चित्र फाटते.

एका तारेत अनेक वाहिन्या

आता दुसरी गोष्ट. केबलवरील ८ मेगाहर्ट्झ रुंदीच्या एका पट्टीत पूर्वी एक वाहिनी बसत असे. डिजिटल पद्धतीत, '६४ क्वॅम' नावाच्या प्रचलित रीतीने, त्याच पट्टीतून सेकंदाला सुमारे ३ कोटी ८० लाख बिट जातात. त्यात साध्या प्रतीच्या आठ-नऊ वाहिन्या सहज सामावतात. या सर्व वाहिन्या एकत्र गुंफण्याच्या क्रियेला 'मल्टिप्लेक्सिंग' म्हणतात आणि ती ज्या ठिकाणी होते त्याला केबलवाले 'कंट्रोल रूम' म्हणतात.

गुंफण्यासाठी प्रत्येक वाहिनीचा माल लहान लहान पाकिटांत भरतात. ही पद्धत 'एमपेग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने तयार केली. हा गट १९८८ साली स्थापन झाला आणि त्याने पाकिटांची ही आंतरराष्ट्रीय पद्धत १९९४ साली निश्चित केली. पाकीट नेहमी १८८ बाइटचे, कमी नाही, जास्त नाही. प्रत्येक पाकिटावर एक क्रमांक असतो, त्यावरून बॉक्स आपल्या वाहिनीची पाकिटे वेचून घेतो आणि बाकीची सोडून देतो. त्यानंतर चित्र दाबण्याच्या अधिक चांगल्या रीती निघाल्या. आजच्या स्पष्ट चित्राच्या वाहिन्या बहुधा नव्या रीतीने दाबलेल्या असतात. पण केबलवरून जाणारे पाकीट मात्र तेच, १८८ बाइटचे राहिले आहे.

दोन घड्याळांचा प्रश्न

मित्रहो, खरी मेख पुढेच आहे. चित्र जिथे दाबले जाते तिथे एक घड्याळ असते आणि आपल्या बॉक्समध्ये दुसरे घड्याळ असते. दोन्ही सेकंदाला २ कोटी ७० लाख ठोके देणारी, म्हणजे २७ मेगाहर्ट्झची. नियमाप्रमाणे पाठवणाऱ्याच्या घड्याळात ८१० ठोक्यांपर्यंत कमीअधिक चालते. दहा लाखांत ३० एवढाच हा फरक. ऐकायला तो क्षुल्लक वाटतो.

आपण हिशेब करू. दिवसाचे सेकंद ८६,४००. दहा लाखांत ३० या प्रमाणाने दिवसात सुमारे २.६ सेकंदांचा फरक पडतो. बॉक्समधली टाकी किती मोठी? साध्या प्रतीच्या चित्रासाठी मूळ नियमात चित्राची साठवण १८,३५,००८ बिटांची धरली आहे. सेकंदाला ४० लाख बिट येत असतील, तर टाकीत अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी, म्हणजे सुमारे ०.४६ सेकंदाचा माल मावतो. दोन घड्याळे आपापल्या मर्जीने चालू ठेवली आणि त्यांच्यात एवढा फरक असला, तर टाकी जास्तीत जास्त सव्वाचार तासांत रिकामी होईल किंवा उतू जाईल. म्हणजे तार उत्तम, बॉक्स नवा कोरा, तरीही दर काही तासांनी चित्र अडखळणारच.

उपाय असा की बॉक्सच्या घड्याळाने स्वतःची मर्जी सोडून पाठवणाऱ्याच्या घड्याळामागे चालायचे. पण पाठवणारा दूर, कित्येकदा शेकडो कोसांवर. त्याचे घड्याळ पाहायचे कसे? त्यासाठी पाठवणारा काही ठरावीक पाकिटांत आपल्या घड्याळाचा त्या क्षणीचा आकडा लिहून पाठवतो. या नोंदीला 'पीसीआर' म्हणतात. आपण तिला 'घड्याळनोंद' म्हणू. ही नोंद ४२ बिटांची असते. दोन नोंदींमध्ये १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर पडू नये असा मूळ नियम आहे. केबलसाठी आपल्याकडे जी युरोपीय पद्धत घेतली आहे, तिच्या मार्गदर्शनाप्रमाणे हे अंतर ४० मिलिसेकंदांच्या आत असावे, म्हणजे सेकंदाला निदान २५ नोंदी.

बॉक्स नोंद आली की ती आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. आपण मागे पडत असलो तर गती किंचित वाढवतो, पुढे जात असलो तर किंचित कमी करतो. या योजनेला 'फेज लॉक्ड लूप' म्हणतात.

पोस्टमनचा दाखला

आता यात डळमळ कुठून आली, ते एका साध्या दाखल्याने पाहू.

समजा, आपल्या घरचे घड्याळ आपणांस गावच्या चुलत्यांच्या घड्याळाच्या गतीने चालवायचे आहे. चुलते रोज एक पत्र टाकतात आणि त्यात 'पत्र टाकताना माझ्या घड्याळात अमुक वाजले होते' एवढेच लिहितात. पोस्टमन ते पत्र नेहमी बरोबर दोन दिवसांनी आणून देत असेल, तर काही बिघडत नाही. उशीर आहे, पण तो रोज सारखाच आहे. दोन पत्रांमधील अंतर चुलत्यांच्या घड्याळात किती आणि आपल्या घड्याळात किती, हे ताडून आपण आपली गती बरोबर लावू शकतो. परंतु पोस्टमन एकदा सकाळी दहाला आला, दुसऱ्या दिवशी दुपारी एकला आणि तिसऱ्या दिवशी अकराला, तर? मग पत्रातला आकडा आणि आपले घड्याळ जुळत नाहीत, ते आपले घड्याळ चुकते म्हणून की पोस्टमनची वेळ चुकते म्हणून, हे कळायला मार्ग नाही. आपण आपले घड्याळ बरोबर असताना पोस्टमनच्या नादी लागून ते बिघडवून ठेवू.

बॉक्सची हीच गत होते. नोंदीतला आकडा खरा असतो, पण नोंद पोहोचण्याची वेळ डळमळते आणि बॉक्सला दोन्हींतला फरक ओळखता येत नाही.

ही डळमळ मुख्यतः गुंफण्याच्या जागीच जन्माला येते. कल्याण जंक्शन आपणांस माहीत आहे. कसाऱ्याकडून एक गाडी येते, कर्जतकडून दुसरी येते. दोन्ही गाड्या एकाच वेळी आल्या आणि पुढे जायला मार्ग एकच मोकळा असला, तर एकीला सिग्नलला थांबावे लागते. गुंफण करणाऱ्या यंत्रात पाकिटांचे हेच होते. आठ वाहिन्या, मार्ग एक. दोन पाकिटे एकदम आली की एक पुढे जाते, दुसरे थांबते.

किती थांबते? एका पाकिटात १८८ गुणिले ८ म्हणजे १,५०४ बिट. सेकंदाला ३ कोटी ८० लाख बिटांच्या वेगाने ते पाकीट जायला सुमारे ४० मायक्रोसेकंद लागतात. मागच्याला निदान तेवढे थांबणे आले. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. त्यामुळे '४० मायक्रोसेकंदांनी काय होते?' असे कोणीही म्हणेल. पण नियम काय सांगतो, पाहा. घड्याळनोंदीची चूक ५०० नॅनोसेकंदांच्या, म्हणजे अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आत असली पाहिजे. केवळ एका पाकिटासाठी थांबल्याने ही मर्यादा ऐंशी पटींनी ओलांडली जाते.

दुसऱ्या बाजूनेही पाहू. नोंदी ४० मिलिसेकंदांनी येतात आणि त्यांतली एक ४० मायक्रोसेकंद उशिरा आली, तर त्या एका नोंदीवर विश्वास ठेवणाऱ्या बॉक्सला वाटेल की आपले घड्याळ हजारात एकाने, म्हणजे दहा लाखांत हजाराने चुकते आहे. खरी चूक मात्र दहा लाखांत तीसच्या आतली! राईचा पर्वत म्हणतात तो असा.

उपाय कोणते?

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय म्हणजे नोंद दुरुस्त करणे. कल्याणला गाडी थांबली तर तिथल्या स्टेशनमास्तरने गार्डच्या कागदावर 'येथे इतकी मिनिटे थांबली' असे लिहून द्यावे. मग पुढच्या माणसाची फसगत होत नाही. गुंफण करणारे यंत्र तेच करते. पाकीट आत आले तेव्हा आपल्या घड्याळात किती ठोके होते आणि बाहेर पडले तेव्हा किती, याची वजाबाकी करून ते थांबण्याची वेळ घड्याळनोंदीत मिळवते. त्यामुळे नोंद जणू बाहेर पडण्याच्या क्षणीच लिहिली, अशी होते.

पण या दुरुस्तीलाही स्वतःचे चांगले घड्याळ लागते. यंत्राने एखादे पाकीट १० मिलिसेकंद थांबवले आणि त्याचे स्वतःचे घड्याळ दहा लाखांत ३० ने चुकत असले, तर मोजणीतच ३०० नॅनोसेकंदांची चूक झाली. म्हणजे ५०० ची सगळी मुभा आहे, तीतली निम्म्याहून अधिक एकाच ठिकाणी खर्च झाली. पुढे दुसऱ्या गावच्या कंट्रोल रूममध्ये पुन्हा गुंफण, तिथून पुढे पुन्हा. अशा दोन-तीन ठिकाणच्या चुकांची बेरीज झाली की मर्यादा सरलीच. म्हणून मोठ्या कंट्रोल रूममध्ये जीपीएस उपग्रहांच्या वेळेशी बांधलेली घड्याळे वापरता येतात. जिथे मोजायचे आहे तिथे आधी आपले माप शुद्ध असावे लागते.

दुसरा उपाय टाकीचा. पाकिटे येतील तशी टाकीत घ्यायची आणि एकसारख्या धारेने सोडायची. आजकाल एका शहरातून दुसऱ्या शहरात वाहिन्या ऑप्टिकल फायबरवरून, इंटरनेटच्या पद्धतीने पाठवतात. तिथे १८८ बाइटची सात पाकिटे, म्हणजे १,३१६ बाइट, एका मोठ्या पुडक्यात बांधून पाठवण्याची प्रथा आहे. ही पुडकी वाटेत अनेक ठिकाणी रांगेत उभी राहतात, त्यामुळे डळमळ मायक्रोसेकंदांची न राहता मिलिसेकंदांची होते. तिथे केबलच्या तोंडाशी टाकी नसेल तर निभाव लागत नाही. मात्र टाकी जितकी मोठी, तितका उशीर जास्त. शेजारच्या घरात दुसऱ्या मार्गाने सामना पाहणारे आधी ओरडतात आणि आपल्याकडे षटकार नंतर दिसतो, याचे एक कारण अशा वाटेवरच्या टाक्या हेही आहे.

तिसरा उपाय बॉक्सच्या बाजूचा. एका नोंदीने बॉक्सने घाबरून जाऊ नये. पुष्कळ नोंदींची सरासरी पाहून हळूहळू गती बदलावी. पण तो फारच संथ झाला तर वाहिनी बदलल्यावर नव्या घड्याळाशी जुळवून घेण्यास वेळ लागतो. उतावीळपणाही नको आणि आळसही नको. किती सावकाश चालायचे, हे ठरवणे ही यंत्र घडवणाऱ्याची कसोटी आहे.

चौथी गोष्ट उपाय नसून पथ्य आहे. एका पट्टीत किती वाहिन्या कोंबायच्या, याला हद्द असते. सगळ्या वाहिन्यांवर एकदम धावपळीची दृश्ये आली तर बिटांची मागणी मार्गापेक्षा जास्त होते. अशा वेळी चांगले यंत्र शांत वाहिनीचे थोडे बिट धावपळीच्या वाहिनीला उसने देते. पण उसनवारीलाही अंत आहे. सेकंदाला ३ कोटी ८० लाख बिटांच्या मार्गावर ४ कोटींचा माल कायम लोटत राहिले, तर कोणतीही दुरुस्ती आणि कोणतीही टाकी पुरी पडत नाही. म्हणूनच शहाणा अभियंता मार्गात थोडी मोकळी जागा राखतो आणि ती रिकाम्या पाकिटांनी भरतो. ही रिकामी पाकिटे वाया गेली असे वाटते, पण अडीअडचणीला तीच जागा उपयोगी पडते. पगारातले चार पैसे बाजूला टाकणाऱ्या गृहिणीस हे वेगळे सांगायला नको.

घरी दोष कसा ओळखावा?

पालकांनी येथे विचारावे की आम्हांस याचा उपयोग काय? उपयोग आहे. घड्याळ बिघडले की काय दिसते? जुन्या नळीच्या संचावर रंग फिके पडतात किंवा रंगात लहरी येतात. याचे कारण, जुन्या संचासाठी बॉक्स रंगाचा जो तरंग तयार करतो तो सुमारे ४.४३ मेगाहर्ट्झचा असून, त्यात अवघ्या काही ठोक्यांचाच फरक चालतो. आणि हा तरंग बॉक्स त्याच २७ मेगाहर्ट्झच्या घड्याळापासून काढतो. नव्या संचावर चित्र गोठते, मधली चित्रे गळतात किंवा ओठ आणि आवाज यांची ताटातूट होते. आवाज केव्हा वाजवायचा आणि चित्र केव्हा दाखवायचे, या दोन्ही वेळा त्याच घड्याळावर ठरतात.

तेव्हा चित्र अडखळले तर आधी तीन प्रश्न विचारावेत. एक, हे एकाच वाहिनीवर होते की सर्व वाहिन्यांवर? दोन, शेजाऱ्यांकडेही होते काय? तीन, ते ठरावीक अंतराने होते की वेळीअवेळी, पाऊस पडल्यावर, तार हलल्यावर?

सर्व वाहिन्या खराब आणि तेही फक्त आपल्याच घरी, तर बहुधा आपली तार, जोड किंवा बॉक्स पाहावा. सर्व वाहिन्या खराब आणि साऱ्या इमारतीत, तर इमारतीपर्यंतची तार आणि अँप्लिफायर पाहावा. पावसाने किंवा तार हलवल्याने फरक पडत असेल, तर तो तारेचा दोष. परंतु एकच वाहिनी, साऱ्या मोहल्ल्यात, आणि तीही दर काही तासांनी अडखळत असेल, तर बॉक्स बदलून काही होणार नाही. दोष वरच्या बाजूला, गुंफण्याच्या जागी किंवा त्याच्याही मागे आहे. केबलवाल्याला नेमके हेच सांगावे, आणि शक्य तर वाहिनीचे नाव व वेळा कागदावर लिहून द्याव्यात. अशी चार घरांची टिपणे कंट्रोल रूमच्या अभियंत्याला मिळाली तर त्याचे निम्मे काम होते. आणि दारात उभ्या असलेल्या मुलावर रागावू नये. त्याचा दोष नाही, हे आता आपणांस आकड्यांनी ठाऊक झाले आहे.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

विद्यार्थी मित्रांनो, मघापासून मी जे हिशेब केले त्यांत गुणाकार, भागाकार आणि प्रमाण यांपलीकडे काही नव्हते. सातवी-आठवीचे गणित पुरले. मात्र एक सवय लागते. 'क्षुल्लक आहे' असे म्हणण्यापूर्वी 'कशाच्या मानाने क्षुल्लक?' असा प्रश्न विचारण्याची. ४० मायक्रोसेकंद माणसाच्या डोळ्याच्या मानाने काहीच नाहीत. अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या मर्यादेच्या मानाने ते फार आहेत.

आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले तार ओढण्याचे, जोड देण्याचे, बॉक्स बसवण्याचे काम करतात. ते कष्टाचे आणि प्रामाणिक काम आहे. उंच इमारतीच्या कठड्यावर उभे राहून तार बांधणाऱ्या मुलाच्या धैर्याला मी सलाम करतो. पण तार ओढणारा आणि डळमळ मोजणारा यांच्यात अंतर आहे ते हुशारीचे नाही. ते शिक्षणाचे आहे. आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम असो वा पदविका असो, त्यात ऑसिलोस्कोप हाताळायला मिळतो, बायनरी आकडे शिकवतात, फेज लॉक्ड लूप समजावून देतात. जो मुलगा किंवा मुलगी एवढे मन लावून शिकेल, त्याला गच्चीवरून कंट्रोल रूमच्या खोलीत जाण्याचा मार्ग आहे. मुलींबद्दल मी मुद्दाम बोलतो. हे काम बारकाईचे, चिकाटीचे आणि मोजणीचे आहे. त्यांच्या हाताला ते उत्तम साधते. पालकांनी तो दरवाजा त्यांच्यासाठी उघडा ठेवावा.

कोणी म्हणेल की आता लोक मोबाइलवरच सारे पाहतात, मग केबलची विद्या कशाला शिकायची? त्यांना माझे सांगणे असे की मोबाइलवरील बोलणे, मुलांचे ऑनलाइन वर्ग, परदेशी असलेल्या मुलाशी होणारी दृश्य भेट, या सर्वांत पाकिटेच आहेत आणि पाकिटे आली की डळमळ आली. आखाती देशातून बोलणाऱ्या मुलाचा आवाज मधेच तुटतो तेव्हा पाकिटे वेळेवर न पोहोचणे हे त्याचे एक नेहमीचे कारण असते, आणि त्यावर उपाय म्हणून फोनमध्येही एक लहानशी टाकी ठेवलेली असते. साधने बदलतील. एका मार्गावरून अनेकांना जायचे असेल तर कोणाला तरी थांबावे लागणार आणि थांबलेल्याचा हिशेब कोणीतरी ठेवावा लागणार, ही गोष्ट बदलणार नाही. हा हिशेब ठेवणारी माणसे आपल्या मुलांतून निघावीत, एवढीच इच्छा व्यक्त करतो.